ओपिऑइड वेदनाशामके आणि प्राण्यांच्या अवयवांतील चेतासंदेशक : पातळी वाढते की घटते?

अभ्यासवेळ (धागाकर्ता)

नमस्कार. औषधशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी सध्या एका विषयाची तयारी करत आहे. मॉर्फिन आणि त्याच्या कुळातील वेदनाशामके दिल्यावर प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांतील चेतासंदेशकांच्या, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनांच्या (न्यूरोट्रान्समीटरच्या), पातळीत काय बदल होतात, असा तो विषय आहे. वाचनाला सुरुवात करताना एक सरळ तक्ता तयार होईल अशी माझी अपेक्षा होती. डाव्या बाजूला अवयव, वरच्या ओळीत रसायने आणि प्रत्येक चौकटीत वाढ किंवा घट.

प्रत्यक्षात चौकटी एकमेकींशी भांडत आहेत. उंदरांच्या मेंदूत मॉर्फिननंतर ॲसिटिलकोलीनचा एकूण साठा वाढलेला आढळतो, पण आतड्यात तेच रसायन कमी प्रमाणात बाहेर पडते असे लिहिलेले असते. मार्था फोक्ट यांनी 1954 मध्ये मांजरांवर केलेल्या कामात मॉर्फिननंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील नॉरॲड्रेनॅलिन घटलेले दिसते, आणि उलट मेंदूच्या लोकस सेरुलियस या भागातील नॉरॲड्रेनॅलिन तयार करणाऱ्या पेशी ओपिऑइडमुळे शांत होतात असेही वाचायला मिळते. डोपामिनबद्दल तर सर्वत्र 'वाढते' असे म्हटलेले असते, पण ऊतीतील एकूण डोपामिन मोजलेल्या जुन्या नोंदींत फारसा फरक दिसत नाही.

या नोंदींपैकी काही चुकीच्या आहेत, की माझा प्रश्नच नीट मांडला गेलेला नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सूक्ष्मदर्शक

आपण दिलेल्या नोंदींपैकी एकही मला चुकीची वाटत नाही. अडचण 'पातळी' या एकाच शीर्षकाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी आल्यामुळे निर्माण झाली आहे. पहिली गोष्ट म्हणजे ऊतीत साठवलेले एकूण प्रमाण, दुसरी म्हणजे चेतापेशीच्या टोकातून बाहेर सुटणारे प्रमाण, आणि तिसरी म्हणजे उलाढाल, अर्थात ते रसायन किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने मोडले जाते. गोदामातील पोती मोजून बाजारात किती माल गेला हे सांगता येत नाही, कारण गोदाम भरलेले असण्याचे कारण भरपूर आवक हेही असू शकते आणि विक्री थांबली हेही असू शकते.

उंदराच्या मेंदूतील ॲसिटिलकोलीनचे उदाहरण नेमके दुसऱ्या प्रकारचे आहे. मॉर्फिन चेतापेशीच्या टोकातून होणारा स्राव रोखते, त्यामुळे न सुटलेले रसायन आतच साठते आणि एकूण साठा वाढलेला दिसतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून गोळा केलेल्या द्रवात ॲसिटिलकोलीन मोजणाऱ्या प्रयोगांत मॉर्फिननंतर ते घटलेलेच आढळले. म्हणजे आपल्या तक्त्यातील 'मेंदूत वाढ' आणि 'आतड्यात घट' या दोन्ही चौकटी एकाच घटनेची दोन मोजमापे आहेत. मांजराच्या हायपोथॅलॅमसमध्ये याच्या उलट घडते. तिथे सहानुभूती (सिम्पथेटिक) चेतासंस्थेची केंद्रे इतकी उत्तेजित होतात, की नॉरॲड्रेनॅलिनचा वापर निर्मितीच्या पुढे जातो आणि साठा आटतो. एका ठिकाणी साठा वाढणे म्हणजे काम मंदावणे, तर दुसऱ्या ठिकाणी साठा घटणे म्हणजे काम वाढणे, हे एकदा ध्यानात आले की निम्मी विसंगती नाहीशी होते.

साक्षेपी

सूक्ष्मदर्शक यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे. त्याला यंत्रणेची जोड देतो, कारण तिच्याशिवाय तक्ता पाठांतराचाच राहील.

मॉर्फिन पेशीवरील ज्या म्यू रिसेप्टरवर (रसायनाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) मुख्यतः काम करते, तो आणि त्याचे डेल्टा व कप्पा हे भाऊबंद पेशीच्या आत एका विशिष्ट जी-प्रथिनाशी जोडलेले असतात. ते प्रथिन सक्रिय झाले की तीन गोष्टी घडतात. सायक्लिक एएमपी हा पेशीतील निरोप्या रेणू तयार करणारे विकर (एन्झाइम) मंदावते, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून पेशी सहजासहजी उत्तेजित होईनाशी होते, आणि चेतापेशीच्या टोकावरील कॅल्शियमच्या वाहिन्या आखडतात. चेतासंदेशक बाहेर पडण्यासाठी कॅल्शियम आत शिरणे आवश्यक असते, त्यामुळे त्या पेशीचा जो कोणता संदेशक असेल त्याचा स्राव कमी होतो. म्हणजे बहुतेक ठिकाणी ओपिऑइडचा थेट परिणाम रोखण्याचाच असतो.

मग डोपामिन वाढते ते कसे, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. मध्यमेंदूतील डोपामिनच्या पेशींवर गाबा हा शांत करणारा संदेशक सोडणाऱ्या लहान पेशींचा सतत लगाम असतो. जॉन्सन आणि नॉर्थ यांनी 1992 मध्ये दाखवले, की ओपिऑइड या लगाम धरणाऱ्या पेशींनाच शांत करतात, आणि त्यामुळे डोपामिनच्या पेशी मोकळ्या सुटतात. रोखणाऱ्यालाच रोखले की परिणाम वाढीचा दिसतो. मांजरांतील अवस्थेमागेही अशीच काही अप्रत्यक्ष साखळी असावी असे मला वाटते, पण तिथे प्रत्येक कडी इतकी स्पष्ट झालेली नाही.

ऊतीरंग

डोपामिनच्या बाबतीत मोजणीच्या पद्धतीचा मुद्दा येथे मांडायला हवा. डी कियारा आणि इम्पेराटो यांचे 1988 मधील काम सूक्ष्म-डायालिसिसने केलेले होते. उंदराच्या मेंदूतील न्यूक्लियस अक्यूंबेन्स या भागात एक अतिशय बारीक पडदायुक्त नळी बसवायची, तिच्यातून क्षारयुक्त द्रव संथपणे वाहू द्यायचा, आणि पेशींच्या बाहेरील जागेतून पडद्यावाटे आत आलेले रसायन मोजायचे, अशी ती पद्धत आहे. प्राणी या काळात जागा आणि हिंडता-फिरता असतो. या मोजणीत मॉर्फिन आणि मेथाडोननंतर डोपामिन स्पष्टपणे वाढले, तर कप्पा रिसेप्टरवर काम करणाऱ्या पदार्थांनी ते घटले.

याउलट ऊतीचा लगदा करून मोजले, तर हाती येते ते बहुतांश पेशींच्या आतील थैल्यांमध्ये साठवलेले डोपामिन. बाहेर सुटलेला अंश त्या साठ्याच्या मानाने इतका अल्प असतो, की तो दुप्पट झाला तरी एकूण आकड्यात दिसत नाही. शिवाय मॉर्फिननंतर डोपामिनची निर्मितीही वाढते, त्यामुळे साठा जवळपास स्थिर राहतो. त्याच लगद्यात डोपामिन मोडल्यावर उरणारी आम्ले मोजली तर ती मात्र वाढलेली मिळतात, आणि खरी बातमी तिथे असते. माझे मत विचाराल तर केवळ एकूण साठा मोजलेल्या जुन्या नोंदी अभ्यासवेळ यांनी सरळ बाजूला ठेवाव्यात.

रानवाट

ऊतीरंग यांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. एकूण साठ्याची मोजणी निरुपयोगी नाही, फक्त तिच्याकडून योग्य प्रश्नाचे उत्तर मागायला हवे.

उदाहरणार्थ, निर्मिती रोखणारे औषध आधी दिले आणि मग साठा किती वेगाने उतरतो हे ठरावीक अंतराने मोजले, तर उलाढालीचा वेग थेट कळतो. टायरोसिनपासून डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन तयार होण्याची पहिली पायरी अल्फा-मिथाइल-टायरोसिनने अडवून हेच केले जात असे. मॉर्फिन दिलेल्या प्राण्यात साठा अधिक वेगाने उतरला, तर वापर वाढलेला आहे असा निष्कर्ष निघतो. शिवाय सूक्ष्म-डायालिसिसची नळी बसवताना ऊतीला इजा होते, नमुना मिळायला काही मिनिटे जातात, आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीसारख्या अवयवात साठा आटला आहे की नाही हा प्रश्न तर ग्रंथी काढून मोजल्याशिवाय सुटतच नाही. मांजरांत मॉर्फिननंतर अधिवृक्क ग्रंथीतील ॲड्रेनॅलिन घटते, हे ज्ञान याच जुन्या पद्धतीने मिळालेले आहे.

ऊतीरंग

उलाढालीच्या प्रयोगांबद्दलचा आपला मुद्दा मान्य आहे. माझा आक्षेप एका क्षणी एकदाच मोजलेल्या आणि सोबत काहीही न मोजलेल्या आकड्यांवर आहे. आणि अशा आकड्यांवर दुसरा मोठा संशय ॲसिटिलकोलीनच्या बाबतीत असतो. प्राणी मारल्यानंतर काही सेकंदांतच ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर त्याला मोडू लागते. म्हणूनच 1970च्या दशकात मेंदूवर सूक्ष्मलहरींचा झोत टाकून सर्व विकरे एका क्षणात निकामी करण्याची पद्धत पुढे आली. ती वापरलेल्या आणि न वापरलेल्या प्रयोगांतील आकडे एकाच स्तंभात लिहिणे योग्य नाही.

अभ्यासवेळ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तक्त्याचे स्तंभ बदलावे लागतील हे स्पष्ट झाले. आतड्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? माझ्या वाचनात गिनीपिगच्या आतड्याचा उल्लेख वारंवार येतो, आणि त्याच एका अवयवाला इतके महत्त्व का मिळाले हे मला समजून घ्यायचे आहे.

साक्षेपी

आतड्याविषयी लिहिण्याची संधी दिल्याबद्दल आभार, कारण ओपिऑइडच्या अभ्यासातील हा माझा सर्वांत आवडता भाग आहे.

आतड्याच्या भिंतीत स्वतःची चेतासंस्था असते आणि शरीराबाहेर काढल्यावरही ती काही तास काम करत राहते. गिनीपिगच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा तुकडा उबदार, प्राणवायूयुक्त क्षारद्रवात टांगला, तर तो रक्त, यकृत आणि मेंदू या सर्वांच्या प्रभावापासून मुक्त असा एक स्वतंत्र चेता-स्नायू संच होतो. ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1917 मध्ये याच तुकड्यावर आतड्याची लाट मॉर्फिनने थांबते हे दाखवले होते. पेटन यांनी 1957 मध्ये तुकड्याला विजेचे सौम्य धक्के देऊन पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक धक्क्याबरोबर चेतापेशींतून ॲसिटिलकोलीन सुटते आणि स्नायू आकसतो. द्रवात मॉर्फिन मिसळताच हे आकसणे कमी झाले आणि द्रवात सुटणारे ॲसिटिलकोलीनही कमी झाले. मात्र बाहेरून ॲसिटिलकोलीन घातले, तर स्नायू पूर्वीप्रमाणेच आकसत होता. म्हणजे स्नायूची क्षमता शाबूत होती आणि अडथळा चेतापेशीच्या टोकाशी होता. धक्के संथ गतीने दिले तर मॉर्फिनचा परिणाम ठळक दिसे, आणि वेगाने दिले तर तो फिका पडे. ही बारीक नोंद फार मोलाची आहे, कारण चेतापेशी किती वेगाने काम करत आहे यावर औषधाचा परिणाम अवलंबून असतो हे त्यातून दिसते.

याच परंपरेतून पुढे स्कॉटलंडमधील अबर्डीन येथे हॅन्स कॉस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज यांनी काम केले. त्यांनी गिनीपिगच्या आतड्याबरोबर उंदराची शुक्रवाहिनीही वापरली, जिच्यात मॉर्फिन नॉरॲड्रेनॅलिनचा स्राव रोखते. दोन वेगळे अवयव, दोन वेगळे संदेशक आणि दोन्हींवर सारखाच अडथळा. डुकरांच्या मेंदूच्या अर्कात असे काही आहे का, जे या दोन्ही अवयवांवर मॉर्फिनसारखे वागेल आणि नॅलोक्झोन या ओपिऑइडरोधक औषधाने ज्याचा परिणाम पुसला जाईल, याचा शोध त्यांनी घेतला. 1975 मध्ये पाच अमिनो आम्लांचे दोन एन्केफॅलिन त्यातूनच हाती आले. शरीर स्वतःच ओपिऑइड तयार करते हे ज्ञान आतड्याच्या आणि शुक्रवाहिनीच्या तुकड्यांनी मिळवून दिले आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

सूक्ष्मदर्शक

साक्षेपी यांच्या माहितीत एक भर घालतो. शुक्रवाहिनी कोणत्या प्राण्याची आहे यावर उत्तर बदलते. उंदराच्या शुक्रवाहिनीत म्यू, डेल्टा आणि कप्पा हे तिन्ही रिसेप्टर आढळतात, सशाच्या शुक्रवाहिनीत प्रामुख्याने कप्पा असतो आणि हॅमस्टरच्या शुक्रवाहिनीत डेल्टा. त्यामुळे सशाच्या शुक्रवाहिनीत मॉर्फिनने नॉरॲड्रेनॅलिनचा स्राव कमी झाला नाही, म्हणून मॉर्फिन निष्प्रभ आहे असे कोणी लिहिले, तर तो निष्कर्ष औषधाबद्दल नसून त्या अवयवातील रिसेप्टरबद्दल असतो.

माळरान

मी पशुवैद्यक आहे आणि या धाग्यात प्राण्यांच्या जातींमधील फरकाचा मुद्दा निघाल्यामुळे लिहावेसे वाटले. आमच्या रोजच्या कामात हा फरक पुस्तकातील टीप म्हणून राहत नाही, तर समोर उभा असतो.

कुत्र्याला मॉर्फिन दिले तर तो बहुधा ओकतो आणि नंतर गुंगतो, आणि त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात. मांजराच्या बाहुल्या विस्फारतात आणि मात्रा जास्त झाली तर ते बेचैन, भेदरलेले होते. घोडा एकसारखा चालत राहतो. घोड्याच्या या चालण्यात डोपामिनचा हात असावा असे मानण्यास आधार आहे, कारण डोपामिनचे काम करणारे ॲपोमॉर्फिनही त्याला तसेच चालायला लावते आणि डोपामिनचा मार्ग अडवणारे ॲसेप्रोमाझिन ती अस्वस्थता कमी करते. मांजरांतील लक्षणे पाहिली तर वर उल्लेख झालेल्या हायपोथॅलॅमसमधील आणि अधिवृक्क ग्रंथीतील बदलांशी ती जुळतात.

ओकारीचे उदाहरणही बोलके आहे. कुत्र्यात मेंदूतील वमनप्रेरक भाग डोपामिनला अतिशय संवेदनशील असतो, म्हणून विषबाधा झालेल्या कुत्र्याला ओकवण्यासाठी ॲपोमॉर्फिन उत्तम काम करते. मांजरात तेच औषध भरवशाचे नाही, आणि तिथे अल्फा-दोन प्रकारच्या ॲड्रेनर्जिक रिसेप्टरवर काम करणारी झायलाझिनसारखी औषधे वापरावी लागतात. त्यामुळे अभ्यासवेळ यांनी तक्त्यात 'प्राणी' असा एकच शब्द न लिहिता प्रत्येक नोंदीसमोर जात लिहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दीपमाळ

मी या विषयातली नाही, पण धागा पहिल्यापासून वाचत आहे. माझ्या वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन सुरू होते. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ काही काळाने कमी झाली, पण बद्धकोष्ठता शेवटपर्यंत तशीच राहिली आणि तिने त्यांना फार त्रास दिला. साक्षेपी यांनी आतड्यातील ॲसिटिलकोलीनबद्दल जे लिहिले, त्याच्याशी याचा संबंध आहे का? शरीर बाकीच्या परिणामांना सरावते आणि आतडेच का सरावत नाही?

साक्षेपी

दीपमाळ, आपल्या वडिलांना झालेला त्रास वाचून वाईट वाटले. होय, संबंध अगदी थेट आहे. आतड्याची पुढे ढकलणारी लाट मुख्यतः ॲसिटिलकोलीनवर चालते, आणि म्यू रिसेप्टर त्याचा स्राव अडवतात. त्याशिवाय आतड्यात पाणी व क्षार सोडणाऱ्या चेतापेशीही मंदावतात, त्यामुळे मळ कोरडा होतो. सरावाच्या बाबतीत, उंदरांवरील प्रयोगांत लहान आतड्याचा शेवटचा भाग मॉर्फिनला सरावतो पण मोठे आतडे तसे सरावत नाही असे आढळले आहे. म्हणजे सरावणे हा गुण संपूर्ण शरीराचा नसून अवयवागणिक, किंबहुना एकाच अवयवाच्या भागागणिक, वेगळा असतो.

यावर उपाय म्हणून मेंदूत सहजासहजी न शिरणारे मिथाइलनॅलट्रेक्सोन हे प्रतिरोधक तयार झाले आणि 2008 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते आतड्यातील रिसेप्टर मोकळे करते आणि मेंदूतील वेदनाशमन कायम ठेवते. कोणत्या रुग्णाला ते द्यावे हा निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच आहे.

माळरान

साक्षेपी यांच्या मुद्द्याची दुसरी बाजू लोपेरामाइडमध्ये दिसते. तेही ओपिऑइडच आहे, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील एक पंप त्याला बाहेर ढकलत राहतो, म्हणून परिणाम आतड्यापुरता राहतो. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत या पंपाच्या जनुकात दोष असतो, आणि अशा कुत्र्याला जुलाबावर लोपेरामाइड दिले तर ते मेंदूत पोहोचून त्याला गुंगी येते व तोल जाऊ लागतो. जुलाब झाले म्हणून कोणीही घरातील माणसाची गोळी परस्पर कुत्र्याला देऊ नये, हे यानिमित्ताने कळकळीने सांगतो.

आणि आतड्यातही जातीचा फरक आहेच. गिनीपिगचा तुकडा मॉर्फिनने शांत होतो, तर कुत्र्याचे आतडे मॉर्फिननंतर जागच्या जागी घट्ट आकसू लागते, पुढे ढकलण्याचे काम मात्र थांबते. कुत्र्याच्या आतड्यातून मॉर्फिन सेरोटोनिन बाहेर काढते, असे 1967 मध्ये बर्क्स आणि लाँग यांनी दाखवले होते. शरीरातील सुमारे 90 टक्के किंवा त्याहून अधिक सेरोटोनिन पचनमार्गातच असते, हे ध्यानात घेतले तर या निरीक्षणाचे महत्त्व कळते.

रानवाट

सेरोटोनिनचा विषय निघालाच आहे, तर सर्व ओपिऑइडना एका पंक्तीत बसवू नये हेही नोंदवतो. मॉर्फिन चेतासंदेशकांचे पुनर्ग्रहण, म्हणजे सुटलेले रसायन पेशीत परत ओढून घेण्याची क्रिया, अडवत नाही. ट्रॅमाडोल मात्र सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या दोन्हींचे पुनर्ग्रहण अडवते, टॅपेंटॅडोल नॉरॲड्रेनॅलिनचे अडवते, आणि पेथिडिनमध्येही सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखण्याचा गुण आहे. म्हणूनच मोनोॲमाइन ऑक्सिडेज (सेरोटोनिनसारखी रसायने मोडणारे विकर) रोखणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाला पेथिडिन किंवा ट्रॅमाडोल दिले, तर सेरोटोनिनच्या अतिरेकाची जिवावर बेतणारी अवस्था निर्माण होऊ शकते. तक्त्यात औषधाचे नाव न लिहिता केवळ 'ओपिऑइड' लिहिले, तर हा फरक पुसला जाईल.

माळरान

रानवाट यांचा मुद्दा पशुवैद्यकात आणखी तीव्र होतो. ट्रॅमाडोलचा ओपिऑइड स्वरूपाचा परिणाम मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या त्याच्या एका चयापचयजन्य पदार्थामुळे होतो, आणि कुत्र्याच्या शरीरात तो फार कमी बनतो. त्यामुळे कुत्र्यात या औषधाचा पुनर्ग्रहणाचा भाग शिल्लक राहतो आणि म्यू रिसेप्टरचा भाग दुबळा पडतो. एकच गोळी, पण दोन प्राण्यांत जणू दोन वेगळी औषधे.

ऊतीरंग

मज्जारज्जूचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही, आणि वेदनाशमनाच्या दृष्टीने तो वगळून चालणार नाही.

तिथे दोन दिशांनी काम होते. वेदनेचा संदेश घेऊन येणाऱ्या चेतापेशी सबस्टन्स पी हा पेप्टाइड सोडतात. जेसेल आणि आयव्हरसन यांनी 1977 मध्ये उंदराच्या मेंदूच्या खोडातील, चेहऱ्याच्या वेदना वाहणाऱ्या केंद्राच्या कापांवर दाखवले, की मॉर्फिन त्याचा स्राव रोखते आणि नॅलोक्झोनने तो पुन्हा सुरू होतो. दुसरीकडे, मध्यमेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग ओपिऑइडमुळे जागे होतात. याक्ष आणि टाइस यांनी 1979 मध्ये उंदराच्या मध्यमेंदूत मॉर्फिनचा सूक्ष्म थेंब सोडला, तेव्हा खाली मज्जारज्जूत सेरोटोनिन अधिक सुटले. एकाच अवयवात एक संदेशक घटतो आणि दुसरा वाढतो, आणि दोन्हींचा परिणाम वेदना कमी होण्यातच होतो.

साक्षेपी

सबस्टन्स पीविषयी थोडी सावधगिरी सुचवतो. ऊतीच्या कापांवर हा परिणाम स्वच्छ दिसतो, पण जिवंत प्राण्यात तो तितकाच दाखवण्यासाठी मोठ्या मात्रा लागल्याच्या नोंदी आहेत. शिवाय सबस्टन्स पीचा रिसेप्टर अडवणारी औषधे माणसांत वेदनाशामक म्हणून अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाली नाहीत. त्याच कुळातील ॲप्रेपिटंट आणि कुत्र्यांसाठीचे मॅरोपिटंट ओकारी थांबवण्यासाठी मात्र उत्तम ठरले. तेव्हा 'मॉर्फिन सबस्टन्स पी रोखते, म्हणून वेदना थांबते' असे एका वाक्यात लिहिणे मला घाईचे वाटते.

ऊतीरंग

ही दुरुस्ती योग्य आहे. 'वेदनाशमनाच्या अनेक वाटांपैकी एक' असे लिहिणे अधिक बरोबर होईल.

वनस्पर्श

प्रयोगातील एक मोठी अडचण कोणीतरी स्पष्टपणे मांडायला हवी. मॉर्फिनची मोठी मात्रा श्वसन मंदावते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि प्राणवायू कमी पडतो. ही अवस्था स्वतःच अधिवृक्क ग्रंथीला ॲड्रेनॅलिन सोडायला भाग पाडते. उंदराच्या शरीराचे तापमानही मात्रेनुसार वर-खाली होते. प्राण्याला पकडणे, सुई टोचणे आणि अनोळखी पिंजऱ्यात ठेवणे या सर्वांमुळे मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनची उलाढाल वाढते. त्यामुळे केवळ क्षारद्रवाचे इंजेक्शन दिलेला गट, नॅलोक्झोन आधी दिलेला गट, आणि शक्य असल्यास औषधाचे निष्क्रिय प्रतिबिंबरूप दिलेला गट असल्याशिवाय दिसलेला बदल ओपिऑइड रिसेप्टरचाच आहे असे म्हणता येत नाही. लेव्होर्फॅनॉल आणि डेक्स्ट्रॉर्फॅन ही जोडी अशा तुलनेसाठी पूर्वीपासून वापरली गेली आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये प्राण्यांचा वापर टाळणे, कमी करणे आणि त्यांचा त्रास घटवणे ही तीन तत्त्वे मांडली. वर ज्या प्रयोगांचे कौतुक झाले, त्यात पुष्कळ प्राण्यांचे जीव गेले आहेत. एका गिनीपिगच्या आतड्यातून अनेक तुकडे मिळतात आणि प्रत्येक तुकडा स्वतःचीच तुलना होऊ शकतो, ही त्या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर तुकड्यावर मिळते, त्यासाठी जिवंत प्राण्याच्या डोक्यात नळी बसवू नये असे माझे ठाम मत आहे.

सूक्ष्मदर्शक

वनस्पर्श यांच्या मताचा आदर आहे आणि पहिल्या परिच्छेदाशी पूर्ण सहमती आहे. दुसऱ्याबाबत इतकेच म्हणेन, की व्यसनाचा किंवा औषध तोडल्यावरच्या यातनांचा प्रश्न तुकड्यावर अर्धाच सुटतो. मध्यमेंदूतील लगाम आणि त्याचा परिणाम भोगणारे वर्तन एकत्र पाहायचे असेल तर जागा प्राणी लागतो.

अभ्यासवेळ (धागाकर्ता)

औषध तोडण्याचा उल्लेख आल्यामुळे शेवटची शंका विचारतो. दीर्घकाळ मॉर्फिन दिल्यावर आणि मग ते थांबवल्यावर याच संदेशकांचे काय होते? ते मूळ पातळीवर परत येतात, की पलीकडे जातात?

सूक्ष्मदर्शक

पलीकडे जातात, आणि त्याचे कारण पेशीच्या आत आहे. शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी 1975 मध्ये चेतापेशींसारख्या वाढवलेल्या पेशींवर दाखवले, की मॉर्फिनच्या सततच्या सहवासात पेशी सायक्लिक एएमपी तयार करणाऱ्या विकराची क्षमता वाढवून तोल सांभाळते. मॉर्फिन अचानक निघून गेले की वाढलेली ती क्षमता मोकळी सुटते आणि सायक्लिक एएमपी नेहमीपेक्षा वर उसळते.

लोकस सेरुलियसमध्ये याचा परिणाम म्हणजे इतके दिवस दबलेल्या पेशी अतिवेगाने काम करू लागतात आणि नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. घाम, थरथर, वाढलेले ठोके आणि बेचैनी यांत त्याचा मोठा वाटा आहे. क्लोनिडिन त्या पेशींना दुसऱ्या रिसेप्टरवाटे शांत करते आणि म्हणून ही लक्षणे कमी करते, हे 1978 पासून ज्ञात आहे. न्यूक्लियस अक्यूंबेन्समध्ये उलट चित्र असते आणि तिथे डोपामिन मूळ पातळीच्या खाली जाते. आतड्याचे तर उदाहरण प्रत्यक्ष पाहण्याजोगे आहे. मॉर्फिन दीर्घकाळ दिलेल्या गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा द्रवात टांगून त्यात नॅलोक्झोन घातले, तर तो जोराने आकसतो, आणि मॉर्फिन कधीच न दिलेल्या प्राण्याचा तुकडा मात्र तसा प्रतिसाद देत नाही. मेंदूपासून तोडलेल्या अवयवातही अवलंबित्व निर्माण झालेले असते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला माहीत नाही.

अभ्यासवेळ (धागाकर्ता)

आता तक्त्याची मांडणी अशी करत आहे. प्रत्येक नोंदीसमोर प्राण्याची जात, अवयव व त्याचा नेमका भाग, औषध, मात्रा, एकदाच दिले की दीर्घकाळ, आणि साठा, स्राव की उलाढाल यांपैकी काय मोजले हे लिहीन. वाढ-घट हा स्तंभ सर्वांत शेवटी येईल. फोक्ट यांच्या नोंदीसमोर 'मांजर, हायपोथॅलॅमस, साठ्यात घट, वापर वाढल्यामुळे' असे लिहिले आहे. हे योग्य आहे का?

रानवाट

योग्य आहे. त्याच ओळीत नमुना औषध दिल्यावर किती वेळाने घेतला हेही लिहावे. साठा आटणे आणि पुन्हा भरणे यांना वेळ लागतो, त्यामुळे त्याच मांजरात सुरुवातीचा, मधला आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा एकसारखा येणार नाही.

माळरान

आणि मांजर शांत होते की भेदरलेले होते, हे मूळ लेखात दिलेले असेल तर तेही शेजारी नोंदवावे. मात्रा किती परिणामकारक होती, हे त्यावरून वाचणाऱ्याला लगेच कळते.